डबा लाँगजिंगचा, आलं आईचं

सरळ सांगून टाकते, आमच्या घरात आलेला पहिला लाँगजिंग, तो चिनी हिरवा चहा, आईनं उकळला. म्हणजे नुसता उकळला असं पण नाही. पातेल्यात पाणी, साखर, ठेचलेलं आलं, वरनं म्हशीचं दूध, आणि सगळं रटरटायला लागल्यावर त्या चिनी डब्यातली दोन मोठे चमचे पानं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, रंग काही येईना. आई गॅस मोठा करतेय, अजून एक चमचा टाकतेय, आणि दुधावर ती हिरवी चपटी पानं आपली तरंगतायत, कढीवर कढीपत्ता तरंगतो तशी. शेवटी गाळून कपात ओतलं तर आलं घातलेलं गोड दूध. बाबांनी एक घोट घेतला आणि विचारलं, "चहा टाकायचा विसरलीस काय?"

हे २०१६ चं. मी कापडाच्या धंद्यात आहे, इचलकरंजीत दुसरं करणार तरी काय माणूस, आणि वर्षातनं एक-दोनदा चीनला केचियाओला जाणं व्हायचं. केचियाओ म्हणजे शाओशिंग शहराचा भाग, तिथलं कापड मार्केट जगातलं सगळ्यात मोठं म्हणतात, आणि खरंच एक बिल्डिंग संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी, पाय तुटतात पण कापड संपत नाही. आपली माणसं पण भरपूर, गुजराती, मारवाडी, पंजाबी, जेवायला डाळ-रोटी मिळते. तर तिथली आमची एजंट, माझ्याच वयाची बाई, तिनं निघताना हातात एक साधा डबा दिला, वर कंपनीचं नाव नाही काही नाही, आणि मोबाईलवर भाषांतर करून दाखवलं: लाँगजिंग, हिरवा चहा, या वसंतातला. मी थँक्यू म्हणून बॅगेत टाकला.

पुढच्या फोनवर तिनं विचारलं चहा कसा होता, आणि मी बावळटासारखं खरं ते सांगितलं. दूध, साखर, आलं, सगळं. तिकडनं काही आवाजच येईना. मला वाटलं लाईन कटली. मग ती म्हणाली, पुढच्या वेळी आलीस की मी तुला दाखवायला नेते. बस, एवढंच.

ते 'पुढच्या वेळी' यायला तीन वर्षं गेली, कारण केचियाओला गेलं की काम आणि हॉटेल एवढंच असतं. शेवटी २०१९ च्या एप्रिलमध्ये, ७ तारखेला रविवारी, गाडीनं तासाभरावर असलेल्या हांगझोऊला आम्ही दोघी गेलो. (हांगझोऊ म्हणजे तेच, जिथं २०२३ च्या एशियन गेम्समध्ये आपल्या बीडच्या अविनाश साबळेनं स्टीपलचेसचं गोल्ड मारलं.) आणि दिवस असा निवडला की विचारू नका. ५ एप्रिलला त्यांचा छिंगमिंग होऊन गेलेला, म्हणजे पूर्वजांच्या थडग्यांवर जाऊन झाडलोट करायची, नैवेद्य ठेवायचा तो दिवस, आपल्या सर्वपित्रीच्या जवळपासचा, आणि त्याला जोडून आलेल्या सुट्टीचा हा शेवटचा दिवस. अख्खा चीन पश्चिम तळ्याच्या काठी सेल्फी काढत उभा होता. तळ्याची युनेस्कोच्या यादीत २०११ सालीच नोंद झालीय, सुंदर आहे यात वादच नाही, पण मला त्या दिवशी पाणी कमी आणि डोकी जास्त दिसली.

तळं मागे टाकून नैऋत्येकडे डोंगरात शिरलं की मात्र हवाच बदलते. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूला झाडी, आणि मग एकदम उतारावर चहाची झुडपं, कमरेएवढी, कापून गोल केलेली. आसामचे फोटो बघून डोक्यात जे अफाट मळे बसलेले असतात तसं इथं काही नाही. छोटे छोटे तुकडे. कुणाच्या घरामागं, कुणाच्या परसात, दोन घरांच्या मधे. कोकणात घराला लागून कलमं असतात ना, तेच.

लाँगजिंग हे आधी एका झऱ्याचं नाव आहे, मग गावाचं, मग चहाचं. लाँग म्हणजे ड्रॅगन, जिंग म्हणजे विहीर. ती विहीर अजून आहे, दगडी कठड्याची गोल, आणि तिथं येणारा प्रत्येक जण काठीनं पाणी ढवळून बघतो, कारण ढवळलं की पाण्यावर एक बारीक रेघ वळवळताना दिसते म्हणतात, तोच ड्रॅगन. खालचं झऱ्याचं पाणी आणि वरचं पावसाचं पाणी लगेच मिसळत नाही म्हणून ती रेघ, असं स्पष्टीकरण देतात. मी पण ढवळलं. मागं पंधरा माणसं रांगेत, पुढं एक पोरगं काठी सोडायला तयार नाही, या गडबडीत ड्रॅगन काही मला दिसला नाही.

गावाच्या वरच्या अंगाला खुरपणीला बसतात तशा ओळीत बायका तोडणी करत होत्या. रुंद गवती टोप्या, कमरेला टोपली. मला वाटलं गावातल्याच असतील, तर एजंट म्हणाली छे, या बाहेरच्या, जियांगशी, आनह्वेई अशा शेजारच्या प्रांतांतनं हंगामापुरत्या येतात, महिनाभर राहतात, मालकच खाणं-राहणं बघतो. साठीच्या आसपासच्या बऱ्याच. आमच्याकडं ऊसतोडीला माणसं येतात तशीच ही टोळी, फक्त हातात कोयता नाही. कोयता सोडा, नखसुद्धा लावायचं नाही. एक कोंब आणि त्याला चिकटलेलं एक किंवा दोन पानं, ती बोटांच्या पेरात धरायची आणि वर उचलल्यासारखी तोडायची. नखानं खुडलं तर तिथं डाग पडतो आणि तो नंतर तयार चहात दिसतो. एका बाईच्या शेजारी मी दहा मिनिटं उभी राहिले, दोन्ही हात चालू, नजर पुढच्या कोंबावर, आणि टोपलीचा तळ जेमतेम झाकलेला. चांगल्या प्रतीच्या अर्ध्या किलो चहाला असे तीस-चाळीस हजार कोंब लागतात. साधारण चार-पाच किलो ओल्या पानांचा वाळून एक किलो होतो. हे हिशेब मला नंतर कळले, पण त्या टोपलीकडं बघूनच पोटात कसंतरी झालं, आईनं तीन मोठे चमचे दुधात टाकले होते.

भावाचा सगळा खेळ तारखेचा. छिंगमिंगच्या आधी तोडलेला तो मिंगछियन, सगळ्यात महाग. त्यानंतर २० एप्रिलच्या आसपास गूयू येतो, धान्याचा पाऊस असा काहीसा अर्थ, त्याच्या आधीचा तो यूछियन, जरा स्वस्त. त्यानंतरचा चहा गावातली माणसं स्वतः पितात. या तिथ्या चंद्रावर नाहीत, सूर्यावर चालतात, आपल्या संक्रांतीसारख्या, त्यामुळे इंग्रजी तारीख एखाद्या दिवसानं इकडंतिकडं. झुडपाला काय माहीत ५ तारीख आणि ६ तारीख? पण भाव रात्रीत उतरतो. आम्ही दोन दिवस उशिरा गेलो होतो आणि एजंट खूश होती, आता घासाघीस करता येईल म्हणून.

यात नुसता नखरा पण नाही हं. थंडीभर झोपलेलं झुडूप मार्चमध्ये जे पहिले कोंब काढतं त्यात अमिनो आम्लं जास्त असतात, त्यानं गोडसर, भरलेली चव येते, आणि ऊन वाढेल तशी तुरट-कडू द्रव्यं वाढत जातात. म्हणजे तारखेत तथ्य आहे. पण मग माणसानं डोकं लावलं. लाँगजिंग ४३ नावाची एक जात आहे, हांगझोऊमध्येच १९५८ साली चहाची राष्ट्रीय संशोधन संस्था निघाली तिथं निवडून काढलेली, तिला कोंब लवकर फुटतात, जुन्या बियांच्या झुडपांपेक्षा आठवडा-दहा दिवस आधी. साहजिकच मिंगछियनच्या भावात बसायला सगळ्यांनी ४३ लावली. जुनी झुडपं, प्रत्येकाचं पान वेगळं, कुणी लवकर कुणी उशिरा, ती हटवादी म्हाताऱ्यांसारखी आपल्या वेळेनंच फुटतात. जाणकार म्हणे त्या जुन्या झुडपांच्या चहासाठी थांबतात, तारीख उलटली तरी चालेल म्हणून. म्हणजे लवकर आलेला महाग आणि चांगला असेलच असं नाही. हे वाक्य आपल्याकडं कुणाला समजावून सांगायची गरज नाही, वाशीच्या मार्केटला आलेली सीझनची पहिली पेटी कधी खाल्लीय का? फोटोत छान दिसते.

आता त्या माणसाबद्दल सांगते, ज्याच्यामुळे मी हा लेख लिहायला बसले.

एका घराच्या दारातच कढई मांडलेली. म्हणजे ओट्यासारख्या चौकटीत तिरकी बसवलेली लोखंडी कढई, खालनं पूर्वी लाकडाचा जाळ असायचा, आता वीज. समोर स्टुलावर पन्नाशीचा माणूस. त्यानं मेणासारख्या घट्ट वनस्पती तेलाचा एक बारीक तुकडा कढईत फिरवला, फडक्यानं पुसून घेतला, आणि ओंजळभर-दोन ओंजळी ओली पानं टाकली. चर्र असा बारीक आवाज, आणि मग हात. चमचा नाही, झारा नाही, तापलेल्या कढईत उघडा हात. पानं उचलायची, बोटांतनं झटकत खाली सोडायची, वाफ निघून गेली पाहिजे. थोड्या वेळानं झटकणं कमी आणि तळव्यानं कढईच्या भिंतीला दाबत वर ओढणं सुरू, मग पुढं ढकलणं, मग घासणं. असे दहा हात मोजतात, प्रत्येकाला नाव आहे, आणि कुठला कधी लावायचा हे घड्याळ नाही, पान सांगतं. ओल जास्त असेल तर हलका, सुकत आलं की दाब. आधी दाबलं तर रस निघून पान काळं पडतं, उशिरा दाबलं तर चुरा.

हे चालतं पंधरा मिनिटं. मग पानं काढून तासभर सुपात पसरून ठेवायची, देठातली ओल पानभर पसरते, आणि मग दुसऱ्यांदा कढईत, या वेळी वीस-पंचवीस मिनिटं, आणि शेवटी जे निघतं ते चपटं, गुळगुळीत, दोन्ही टोकांना निमुळतं, चिमणीच्या जिभेएवढं पान. पहिल्या उष्णतेचं काम म्हणजे पानातला जो घटक त्याला काळं करतो तो मारून टाकणं. चिनीत या कामाला म्हणतातच 'हिरवं मारणं', आणि गंमत अशी की हिरवं मारलं म्हणूनच हिरवं राहतं. आपल्या चहात तो घटक मारत नाहीत, उलट मोकळा सोडतात, म्हणून तो काळा.

मी त्याच्या हाताकडं बघत होते. बोटांची टोकं कातड्यासारखी, तळव्यावर जुने डाग. आणि हे कुठंतरी बघितलंय असं सारखं वाटत होतं आणि आठवेना. मी व्हिडिओ काढला, आईला पाठवला. दोन मिनिटांत आईचा फोन, "अगं हा तर भाकरी करतोय की." तव्यावरची भाकरी आई उलथन्यानं नाही, बोटांनी उलटते, आयुष्यभर, आणि मी रोज बघूनसुद्धा मला ते सुचलं नाही. ती पुढं म्हणाली, "हात बघ कसा चाललाय, हात न्हवं, तवाच कळतोय त्याला." मग जरा थांबून, "आणि मी त्यात आलं घातलं व्हय गं."

मशिनं आलीत, हे लपवण्यात अर्थ नाही. बाजारातला बराचसा लाँगजिंग आज मशिनवर होतो किंवा पहिला हप्ता मशिनवर आणि शेवटचा हात माणसाचा. १९०४ साली पहिला पॉवरलूम आलेल्या गावातनं मी येते, मशिनवर तोंड वाकडं करायचा अधिकार मला नाही. पण ओळखायचं कसं ते विचारलं. त्यानं दोन बशा पुढं ठेवल्या. एकीतली पानं एकसारखी, रुंद, हिरवीगार, फोटोजेनिक. दुसरीतली कमी-जास्त, रंग कुठं हिरवा कुठं पिवळट. मी सवयीनं अंगठा आणि बोटात चिमूट घेतली, कापडाचा हात बघतो तशी. दुसरी जड लागली, घट्ट आणि गुळगुळीत, पहिली फुसकी. हातमाग आणि पॉवरलूमचं कापड शेजारी ठेवल्यासारखंच, एकसारखेपणा म्हणजे मशिन, आणि वजन म्हणजे हात. मी बरोबर बशी उचलली म्हणून तो माणूस एजंटला काहीतरी म्हणाला आणि दोघं हसली. काय म्हणाला ते तिनं सांगितलं नाही.

मग चहा झाला. साधे काचेचे ग्लास, तळाला चिमूटभर पानं, थर्मासमधनं पाणी, पण उकळतं नाही, ८०-८५ अंशाच्या आसपासचं, म्हणजे उकळून पाचेक मिनिटं झाकण काढून ठेवलेलं. आधी थोडंसंच ओतायचं, ग्लास फिरवायचा, नाक आत घालायचं. वास आला आणि मी म्हणाले हुरडा! तिकडं चेस्टनट म्हणतात, वालासारख्या कुठल्या शेंगेचं नाव घेतात, मी त्यातलं काही खाल्लेलं नाही, पण थंडीत शेतात आगटीजवळ बसून गरम कणीस चोळताना जो वास येतो ना, अगदी तो. मग बाकीचं पाणी. पानं आधी वर तरंगतात, मग एकेक उभं राहतं, आणि हळूहळू खाली उतरतं. गाळणी नाही. पानं दातांनी अडवत प्यायचं, आणि ग्लास संपवायचा नाही, तिसरा हिस्सा राहिला की परत पाणी ओतायचं. तीनदा चालतं.

चव? पहिल्या घोटाला मला काही कळलं नाही. खरंच. आयुष्यभर साखर आणि आल्यानं जिभेला थोबाडीत मारून जागं केलेलं, तिला हळू बोललेलं ऐकू येत नाही. दुसऱ्या ग्लासला घशात मागं कुठंतरी गोड लागलं, गिळून झाल्यावर.

गावाच्या अलीकडं एका देवळासमोर दगडी कठड्यात अठरा झुडपं राखून ठेवलीत, ती बघायला पण झुंबड. अठराव्या शतकातला छियनलाँग बादशहा, त्यानं दक्षिणेचे सहा दौरे केले, हांगझोऊला आला, इथल्या चहावर कविता लिहिल्या, इथपर्यंत इतिहास. पुढं दंतकथा अशी की तो स्वतः पानं खुडत होता तेवढ्यात आई आजारी असल्याचा निरोप आला, त्यानं पानं बाहीत कोंबली आणि निघाला, बीजिंगला पोचेपर्यंत ती दबून चपटी झाली, तो चहा प्यायली आणि आई बरी झाली, म्हणून लाँगजिंग चपटा. आणि ती झुडपं अठरा. आता मगाशीच मी त्या माणसाच्या तळव्याखाली पान चपटं होताना बघून आलेली, मला ही गोष्ट अजिबात पटली नाही. जो रोज हात भाजून घेतो त्याचं श्रेय बादशहाच्या बाहीला! पण हे असं सगळीकडंच असतं, कुठल्याही किल्ल्यावर गाईडच्या मागं फिरून बघा.

त्यापेक्षा दुसरी एक गोष्ट मला जास्त लागली, आणि ती कुणी सांगितली नाही, परत येताना पाटी वाचून सापडली. या डोंगरांच्या पलीकडं लिंगयिन नावाचा मोठा बौद्ध मठ आहे. तो इ. स. ३२८ च्या सुमारास हुइली नावाच्या भारतीय भिक्खूनं स्थापला असं मानतात. त्याच्यासमोर एक चुनखडीचा डोंगर आहे, आजूबाजूच्या डोंगरांपेक्षा वेगळाच दिसणारा, त्याचं नाव फेइलाय फंग, उडून आलेलं शिखर. तो बघून हुइली म्हणाला म्हणे, अरे, हा तर आमच्या मगधातला गृध्रकूट, हा इथं कसा उडून आला? आणि मठाच्या पुढच्या दरीत तीन देवळं आहेत, वरचं, मधलं आणि खालचं थ्येनचू. थ्येनचू म्हणजे काय, तर भारत. आपलं जुनं चिनी नाव.

आठव्या शतकात लू यू नावाच्या माणसानं चहावर ग्रंथ लिहिला, चहावरचा जगातला पहिला, त्यात या भागातला चहा कुठं होतो तर थ्येनचू आणि लिंगयिन या दोन मठांत असं लिहून ठेवलंय. म्हणजे बाराशे वर्षांपूर्वी 'भारत' नावाच्या ठिकाणी चहा होत होता, फक्त ते ठिकाण हांगझोऊत होतं! आपल्या भारतात सर्रास चहा व्हायला एकोणिसावं शतक उजाडलं, १८४८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं झाडांचा जाणकार रॉबर्ट फॉर्च्युनला पाठवलं आणि तो चिनी वेष करून याच प्रांतात, शेजारच्या आनह्वेईत हिंडून रोपं, बिया आणि कारागीर हिमालयाकडं घेऊन गेला. दार्जिलिंगला अजून चिनी जातीची झुडपं आहेत. आमच्या पातेल्यातली भुकटी मात्र आसामची, सीटीसी, म्हणजे चिरडून, फाडून, गोळी केलेली. ती उकळण्यासाठीच जन्मलेली आहे, तिला ८० अंशाच्या पाण्यात सोडलं तर तिचाही अपमानच. (लू यूच्या काळातला चहा लाँगजिंगसारखा नव्हता, तेव्हा वाफवून वड्या करायचे. १३९१ मध्ये मिंग बादशहानं दरबाराला वड्या नकोत, सुटी पानं पाठवा असा हुकूम काढला, त्यानंतर हे सुट्या पानाचं, कढईत भाजायचं काम वाढलं.)

निघताना मी चूक केली. तळ्याजवळच्या एका दुकानात, लाकडी कपाटं, रेशमी कपड्यातल्या मुली, डब्यावर सोनेरी ड्रॅगन, मी ५० ग्रॅम घेतला. एजंट माझी बाही ओढत होती. ५० ग्रॅम म्हणजे तिथलं एक लिआंग, आपल्या तोळ्यासारखं बारीक माप, आणि त्याला मी जेवढे मोजले त्यात आमच्या घरचा वर्षाचा चहा आला असता. हॉटेलवर फोडला तर हुरडा नाही, काही नाही, जुन्या वहीचा वास. एजंटनं एक पान चावून बघितलं आणि म्हणाली, गेल्या वर्षीचा. हिरवा चहा मुरत नाही, शिळा होतो. गावातली जुनी माणसं मातीच्या रांजणात तळाला कळीच्या चुन्याच्या पुरचुंड्या आणि वर कागदात बांधलेला चहा अशी ठेवण करतात, चुना ओल ओढून घेतो. आता फ्रीज.

मग तिनं गाडीत मला नावाचं प्रकरण समजावलं. लाँगजिंग हे नाव कायद्यानं फक्त चेजियांग, म्हणजे हांगझोऊच्याच प्रांतातल्या चहाला लावता येतं, २००१ पासून, आणि त्यात तीन भाग. पश्चिम तळ्याचा भाग सगळ्यात लहान, १६८ चौरस किलोमीटर, 'शीहू लाँगजिंग' म्हणायचं फक्त त्याला. बाकी छियनतांग आणि युएझोऊ, तो नुसता लाँगजिंग. शीहूमध्ये परत उतरंड, सिंहशिखराच्या उतारावरचा सगळ्यात वर, मग लाँगजिंग गाव, मेइजियावू वगैरे. आणि या १६८ चौरस किलोमीटरच्या नावानं किती चहा विकला जातो ते तूच समज. शेतकऱ्यांना मोजून स्टिकर मिळतात, आणि स्टिकरचाही बाजार होतो.

मी म्हणाले, मला नको समजावूस, माझ्याकडं हापूस आहे. देवगडची पेटी, आत कर्नाटकचा आंबा, वर रत्नागिरीचा पेपर. २०१८ मध्ये जीआय, म्हणजे नावाला कायद्याचं संरक्षण, मिळालं म्हणून काही पेट्यांनी लाजून खरं बोलायला सुरुवात केली नाही. तिला आंबा कळला, पेटी कळली नाही, पण मुद्दा कळला. मग मी विचारलं, तीन वर्षांपूर्वी मला दिलेला डबा कुठला होता, शीहू?

नाही म्हणाली. शिनचांगचा. शिनचांग म्हणजे शाओशिंगच्याच हद्दीतला डोंगराळ तालुका, तिथं कड्यात कोरलेला दीड हजार वर्षांपूर्वीचा मोठा बुद्ध आहे, म्हणून तिथल्या चहाला दाफो लाँगजिंग म्हणतात, दाफो म्हणजे मोठा बुद्ध. ते तिचं आजोळ. डबा मामाच्या बागेतला, आणि भाजलेला मामानं, स्वतः, हातानं.

यावर मी काय बोलणार. खिडकीतनं बाहेर बघत बसले. बाहेर फ्लायओव्हर होता.

त्या वर्षीपासून दर एप्रिलमध्ये शिनचांगचा डबा येतो. कोविडच्या काळात आला नाही, एकदा कस्टममध्ये अडकून पावसाळ्यात आला. आमच्याकडं आता पद्धत ठरलीय. सकाळचा चहा आल्याचा, तो कुणाच्या बापाला चुकत नाही. दुपारी चारला आई स्टीलच्या पेल्यात (काचेचे ग्लास पाहुण्यांसाठी, ते काही बदलणार नाही) चिमूटभर पानं टाकते, पाणी उकळून झाकण काढून ठेवते, आणि मधल्या वेळात देवाजवळचं निर्माल्य काढून येते, तेवढ्यात ते ८० अंशावर आलेलं असतं. थर्मामीटर मी आणून दिला होता, तो पडलाय ड्रॉवरमध्ये. चोथा ती तुळशीला घालत नाही, कोशिंबिरीत टाकते, कोवळं पान आहे, फेकायचं कशाला म्हणून. हांगझोऊला याच पानात कोळंबी परततात, ती त्यांची प्रसिद्ध डिश आहे, हे मी सांगितल्यावर तिला आपण बरोबर असल्याची खात्रीच पटली. बाबा अजूनही म्हणतात यात चहा टाकायचा राहिलाय. पण पितात.

मला स्वतःला गूयूच्या आसपासचा आवडतो, मिंगछियन नाही. मिंगछियन फार सोज्वळ, माझ्या जिभेला जरा तुरटपणा हवा असतो. एजंटला हे सांगितलं तर म्हणाली चांगलंय, स्वस्तात पडशील.

परवा तिचा मेसेज आला, सोबत फोटो. सुपात पसरलेली पानं आणि कडेला मामाचा हात, तेवढाच आलाय फोटोत. या वर्षीचा तयार आहे, किती पाठवू? मी आईला विचारलं. आई भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "अर्धा किलो सांग. आणि आल्याचा विषय काढू नकोस तिच्यापुढं."